भर दुपारी लागलेला अडसर

अडसर म्हणजे काय हे तुमच्यापैकी किती जणांना ठाऊक असेल, याची मला शंकाच आहे, मित्रांनो. तुमच्या दारांना लॅच असते. ते टक् करून लागते आणि टक् करून उघडते. मी सालवृक्षाच्या लाकडाचा चांगला साडेचार हात लांब सोट आहे. काशीत रामघाटाजवळच्या एका गल्लीत, एका दगडी घराच्या दाराशी माझे आयुष्य गेले. दिवसभर मी भिंतीतल्या पोकळीत पडून असतो. रात्री घरातले कुणीतरी मला बाहेर ओढते, दाराच्या पाठीमागून आडवा सरकवते आणि पलीकडच्या भिंतीतल्या खाचेत माझे टोक बसवते. मग बाहेरून कितीही खांदे मारा, दार हलत नाही.

आणि शंकेचे म्हणाल तर तो माझा धंदाच आहे. दारावर थाप पडली की घरातले विचारतात, कोण आहे? मी विचारतो, कशाला आला आहे? भिंतीच्या पोटात पडल्या पडल्या मी पाहुण्यांच्या चपलांचा आवाज ऐकतो आणि माझ्या मनात पाल चुकचुकते.

माझा जन्मही संशयातूनच झाला. हे घर ज्या भटांचे आहे ते दोनशे वर्षांपूर्वी वाईकडून काशीला आले. गल्लीने त्यांचे नाव दक्खिनी ठेवले. हे कोण, कुठले, गोत्र सांगतात ते खरे कशावरून, तिकडे काही करून तर पळाले नाहीत ना, अशी कुजबुज तीन महिने चालली. मग एके दिवशी दारावर धोंडा आला. दुसऱ्या दिवशी घरच्या मूळपुरुषाने सुताराला बोलावले. सुताराने मला तासले, रंधा मारला, तेल पाजले आणि म्हणाला, "पंडितजी, अब कोई नहीं आएगा." म्हणजे मला घडवले ते चोरांसाठी नव्हे, शेजाऱ्यांसाठी.

पुढे माझे दिवस चांगले गेले. एका होळीच्या रात्री भांग प्यालेल्या वीस-पंचवीस जणांनी दारावर धडका दिल्या, तेव्हा मी तसूभरही सरकलो नाही. दुसऱ्या दिवशी घरातल्या बायकांनी मला हळदकुंकू वाहिले. ते दिवस आठवले की अजून बरे वाटते. नंतर दाराला कडी आली, विजेची घंटा आली. पावसाळ्यात मी दमटपणाने फुगतो, म्हणून ते चार महिने तर मला कुणी हातही लावत नसे. घरातली मुक्ता लहानपणी मला 'वो लकड़ी' म्हणायची. मला वाईट वाटायचे, पण सांगणार कुणाला?

आता एकोणीसशे त्र्याण्णव सालचे सांगतो. तेव्हा घराचे कर्ते ढुंढिराजभट होते. महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंची श्राद्धे, पूजा ते करत. त्यांची पत्नी अंबिकाबाई, बारा वर्षांची मुलगी मुक्ता आणि बँकेत नोकरी करणारा धाकटा भाऊ नीलकंठ, एवढीच माणसे. ढुंढिराजभटांना एकाच गोष्टीचा मोठा राग होता. मुक्ता शाळेत हिंदी बोलून यायची आणि घरी म्हणायची, "बाबा, पानी द्या ना."

"पानी नव्हे, पाणी," ते गरजायचे. "वाईहून काशीपर्यंत दोनशे वर्षं आणलेला ण तू शाळेच्या रस्त्यात सांडून आलीस?"

असा रोज सकाळ-संध्याकाळ ण चा पाठ चाले.

त्या वर्षी फाल्गुनात एका सकाळी आमच्या पायरीवर एक बाई बसलेली दिसली. मांडीवर पाच वर्षांची मुलगी, शेजारी एक गाठोडे. बाईचे नाव बकुळ, मुलीचे ऋता. आदल्या डिसेंबरात आपल्या देशात दंगली झाल्या आणि त्याचा राग सीमेपलीकडे बांगलादेशात तिच्यासारख्या हिंदूंच्या घरांवर निघाला. घर जळले. नवरा त्या रात्रीपासून सापडला नाही. हे सगळे ती तुटक्या हिंदीत सांगत होती आणि मी भिंतीत कान टवकारून ऐकत होतो.

माझा काही विश्वास बसला नाही, खरेच सांगतो. तिच्या हातांत शंखाच्या बांगड्या नव्हत्या. वाटेत भीतीने काढल्या, असे ती म्हणाली. सौभाग्यवती म्हणावी तर बांगड्या नाहीत, विधवा म्हणावी तर पांढरे लुगडे नाही. ढुंढिराजभटांनी गोत्र विचारले. तिने शांडिल्य सांगितले. मला वाटले, काय, कुणीही सांगेल.

अंबिकाबाईंनी मात्र तिला खालची खोली उघडून दिली. "चार दिवस राहू दे. पुढचं पुढे बघू."

चार दिवसांचे सहा महिने झाले. बकुळ दशाश्वमेधाजवळच्या एका धर्मशाळेत झाडलोट करायची आणि सकाळी आमच्या घरात पाणी भरायची. ती कधी मोठ्याने बोलत नसे. देवापुढे हात जोडायची, पण ओठ हलत नसत. तिकडे शेवटच्या दिवसांत तिने गप्प राहायचे शिकून घेतले होते. मला त्याचाही संशय यायचा. खरी भक्ती असती तर आवाज आला असता, असे मला वाटायचे.

ऋता उलट होती. तिला आमची भाषा ऐकता ऐकताच आली. मुक्ताला रागावले की ही पलीकडे बसून जीभ टाळूला लावून म्हणायची, "पाणी. पाणी. पाणी." ढुंढिराजभटांना हसू आवरत नसे. मुक्ताचे ऐकून तीही त्यांना बाबाच म्हणायची. "बघ मुक्ता, ही परकी पोर तुझ्यापेक्षा शुद्ध बोलते," असे ते म्हणायचे. पाहुणा आला की आधी पाणी द्यायचे, हेही अंबिकाबाईंनी तिला शिकवले होते. छोटासा पेला दोन्ही हातांनी धरून ती सांभाळून चालायची.

भाद्रपदात घरी गणपती बसला. दर्शनाला समोरचे गोपीनाथबाबू आले. रेल्वेतून निवृत्त झालेले हे बंगाली गृहस्थ. त्यांचे वडील फाळणीत सगळे सोडून काशीला आले होते. तुम्हाला वाटेल, अशा माणसाला बकुळची कणव असेल. पण गल्लीत तिच्यावर सगळ्यांत जास्त नजर त्यांचीच होती. आम्ही खरे शरणार्थी होतो, हे आजकालचे लोक कोण जाणे कोण आहेत, असे ते ओट्यावर बसून सांगायचे.

ऋताने त्यांच्यापुढे पेला धरला. त्यांनी बंगालीत विचारले, "एटा की?" म्हणजे हे काय?

ऋता म्हणाली, "पाणी."

गोपीनाथबाबूंचा हात तिथेच थांबला. पेला न घेता ते उठले, ढुंढिराजभटांना दाराशी घेऊन आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "पंडितजी, आप नहीं जानते. हमारे बंगाल में हिन्दू का बच्चा जल बोलता है. पानी वो लोग बोलते हैं. बच्चा झूठ नहीं बोलता. माँ ने आपको गोत्र बताया, बेटी ने सच बता दिया."

ढुंढिराजभटांनी मागे वळून ऋताकडे पाहिले. मला मात्र आनंद झाला, मित्रांनो. हे सांगताना आज मला लाज वाटते. सहा महिने भिंतीत पडून जी शंका मी पोसली होती, ती खरी ठरली असे मला वाटले.

संध्याकाळपर्यंत गल्लीत सगळ्यांच्या तोंडी तोच एक शब्द झाला. दूधवाला तो बोलला, पानवाला तो बोलला. मोहल्ल्यात तेव्हा बाहेरच्या माणसांची यादी करणारी एक समिती निघाली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी नीलकंठ बँकेतून लवकर घरी आला तो घामाघूम होऊनच.

"दादा, चार वाजता समितीवाले येताहेत. तिला पोलीस ठाण्यात देणार. ती आपल्या घरात सापडली तर आपलंपण नाव लिहितील. यजमानांना कळलं तर? सहा महिने तिच्या हातचं पाणी प्यायलो आपण."

"मग?" अंबिकाबाई जिन्यावरून म्हणाल्या. "कुणाचं पोट दुखलं?"

"वहिनी, मजाक नाही हा. ती आपल्यातली नाहीये."

"आणि नसली आपल्यातली, तर तिचं घर जळलं नाही का? पोरीला भूक लागत नाही का?"

ढुंढिराजभट खांबाला टेकून उभे होते. त्यांचा चेहरा उतरला होता. माणूस वाईट नव्हता, पण भ्यायला होता. शेवटी ते एवढेच म्हणाले, "ती धर्मशाळेतून यायच्या आत दार लावून घे, नीलकंठ. गाठोडं बाहेर ठेव. कुठे जायचं ते तिचं ती बघेल."

गाठोडे पायरीवर गेले. कडीवर भागणार नाही म्हणून नीलकंठने मला बाहेर ओढले. दोनशे वर्षांत भर दुपारी मला कुणी लावले नव्हते. मी फुगलेला होतो, खाचेत जाईना. त्याने वरवंटा आणला आणि माझ्या टोकावर दणादण घाव घालून मला बसवले. मीही अंग चोरले नाही. सगळा जोर लावून रुतून बसलो.

थोड्या वेळाने बाहेर पावले वाजली. बकुळ ऋताला घेऊन परतली होती. तिने दार ढकलले. मग पायरीवरचे गाठोडे पाहिले असावे, कारण तिने पुन्हा दार ढकलले नाही. हाकही मारली नाही. दाराला पाठ लावून ती खाली बसली. मला तिचा श्वास ऐकू येत होता.

बाहेर उमस होती. ऋताने दारावर दोन्ही तळहात आपटले. "काकू, पाणी."

बकुळने तिला मागे ओढले. गल्लीतली चर्चा तिच्याही कानांवर गेली असणार. तिच्या भाषेतले ते शब्द साधे होते, मलाही कळले. "पानि ना. बोल, जल."

"पाणी," ऋता रडवेली होऊन म्हणाली.

"जल. बोल, जल."

"काकूंनी पाणी शिकवलं," पोर आमच्या मराठीत म्हणाली. "बाबांनी शिकवलं. पाणी."

दाराच्या आत ढुंढिराजभट उभे होते. त्यांनी मान वर केली. मीही तेव्हाच पहिल्यांदा नीट ऐकले. बकुळच्या तोंडी होता तो 'पानि', त्यात न होता. पोरीच्या तोंडी स्वच्छ, टाळूला जीभ लावून काढलेला ण होता. बंगाली जिभेवर तो नाही. बनारसी हिंदीत पाण्याला तो नाही. गोपीनाथबाबूंच्या कानांना न आणि ण सारखेच. तो ण सीमेपलीकडून आलाच नव्हता. तो या घरातला होता, ढुंढिराजभटांनी सकाळ-संध्याकाळ ओरडून शिकवलेला. पाहुण्यापुढे पाणी धरायची आमची रीत पोर पाळत होती आणि आमच्याच शब्दाबद्दल आम्ही तिला बाहेर काढले होते.

"अगं, हा तर माझा ण," ते पुटपुटले आणि मला धरून ओढू लागले.

मी निघालो नाही.

निघायचे नव्हते असे नाही, मित्रांनो. त्या क्षणी मला निघायचेच होते. पण दमटपणाने फुगलेले, वरवंट्याने ठोकलेले लाकूड ते. अंबिकाबाई धावत आल्या. त्यांनी तोच वरवंटा घेऊन दुसऱ्या बाजूने घाव घातले. मुक्ताने तेल आणून ओतले. आतून "थांब बकुळ, उघडतोय" असे ढुंढिराजभट ओरडत होते. पण जाड दाराबाहेर काय ऐकू गेले असेल? आत माणसे धावताहेत, लाकडावर घाव बसताहेत, कुणी पुरुष ओरडतो आहे, एवढेच. असे आवाज तिने पूर्वी एकदा ऐकले होते. मी तिला उठताना ऐकले. मुलीला उचलून ती धावली.

मी सुटलो तेव्हा पायरीवर कुणी नव्हते. गाठोडेही नव्हते.

ढुंढिराजभट अनवाणीच समोर गेले आणि त्यांनी गोपीनाथबाबूंचे दार वाजवले. "बाबू, एकदा पाणी म्हणा."

"पानी," ते गोंधळून म्हणाले.

"पानी नाही. पाणी."

"पानी," गोपीनाथबाबू पुन्हा म्हणाले. मग ढुंढिराजभटांच्या तोंडाकडे पाहता पाहता त्यांना काय ते उमगले असावे. त्यांनी चपला घातल्या. दोघे घाटांवर फिरले, धर्मशाळेत गेले, स्टेशनावर प्रत्येक फलाट पाहून आले. चार वाजता समितीवाले आले तेव्हा अंबिकाबाईंनी उघड्या दारात उभे राहून त्यांना सांगितले, "आता लिहा काय लिहायचं ते. माझंपण नाव लिहा." बकुळ आणि ऋता पुढे कुणालाच दिसल्या नाहीत. त्या कुठे गेल्या हे मला आजही ठाऊक नाही.

दसऱ्याला सुतार आला. ढुंढिराजभटांनी माझ्या चारी बाजू तासून घेतल्या. आता ऐन भाद्रपदातही मुक्ता मला एका हाताने सरकवते. दिसायला मी बारीक झालो, आणि होळीच्या धडका आता सोसतील की नाही कोण जाणे.

मित्रांनो, तुमच्या घराला अडसर नसेल, पण काही ना काही असेलच. दार लावू नका असे मी सांगणार नाही. मी अडसर आहे, मला ते शोभणारही नाही. रात्री दार लावावेच लागते. पण जे काही लावाल ते वेळेवर तासा, त्याला तेल पाजा, एका हाताने निघेल असे ठेवा. बाहेरचे माणूस आपले आहे हे कळायला तुम्हाला उशीर होऊ शकतो, तो सगळ्यांना होतो. निदान दार उघडायला तरी होऊ देऊ नका.

संशय माझ्या लाकडात आहे, तो तासून गेला नाही. अजून पावले वाजली की मी कान देतो. फक्त आता बाहेरचा कोण आहे, असे मी आधी विचारत नाही. मला लावायला जो हात पुढे येतो, तो कशाला घाबरला आहे, असे विचारतो.