उधाणाला पुरून उरलेला तंबू

मित्रांनो, मी एक जुना निळा तंबू आहे. माझा जन्म विठ्ठलवाडीच्या एका शिलाई कारखान्यात झाला. कल्पिता नावाच्या बाईंनी मला दुहेरी शिवण घातली. टिटवाळ्याच्या कृतिकाने मला विकत घेतले आणि गडागडांवर नेले. ‘आमचा तंबू गळत नाही,’ असे ती कौतुकाने सांगे. पुढे ती लग्न होऊन परगावी गेली आणि मी माळ्यावर गेलो. पाच वर्षे मला कोणी उलगडले नाही. माझ्या घड्यांत झुरळांनी संसार थाटला.

कृतिकाचे वडील उत्तमराव खोपटच्या डेपोत एसटीचे ड्रायव्हर होते. ते निवृत्त झाल्यावर त्यांची पत्नी शीलाताई एकदा म्हणाल्या, “अख्खं कोकण लोकांना दाखवलंत. मला कधी नेणार?”

उत्तमराव लगेच उठले. माळ्यावर चढले आणि त्यांनी मला खाली काढले.

आठवड्याभरात आम्ही जुन्या गाडीतून किनाऱ्याकिनाऱ्याने निघालो. दोन मुक्काम सुखाचे झाले. उत्तमराव स्वतः चहा करत आणि पहिला कप शीलाताईंना देत.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही एका खडकाळ किनाऱ्यावर पोहोचलो. ओहोटी होती. उत्तमरावांनी मला खाली वाळूतच उभे केले. शीलाताईंचे माहेर मिठागराच्या गावचे, त्यांना भरती-ओहोटी कळे.

“अहो, आज अमावास्या आहे,” त्या म्हणाल्या. “दुपारी उधाण येईल. तंबू वर सुरूच्या झाडांत लावू या.”

“अगं, पाणी केवढं लांब आहे. तीस वर्षं गाडी चालवलीय मी, मला रस्ता कळतो.”

“हा रस्ता नाहीये.”

पण तोवर ते खेकडे बघायला कातळावर गेले होते.

तासाभराने पाणी आले, ते त्यांच्या पाठीमागून. कातळ आणि वाळू यांच्यामधली खाच कमरेइतकी भरली. पाण्याला जबर ओढ होती आणि उत्तमरावांना पोहता येत नव्हते. किनाऱ्यावर चिटपाखरू नव्हते.

“शीला,” त्यांनी हाक मारली. 

शीलाताईंनी माझ्या काठ्या उपसल्या. मला पिळून दोरासारखे केले. एक टोक किनाऱ्यावरच्या खडकाच्या सुळक्याला बांधले, दुसऱ्या टोकाच्या दोरीला पाण्याची भरलेली बाटली बांधून फेकली. दोनदा ती अलीकडेच पडली. तिसऱ्यांदा उत्तमरावांनी दोरी पकडली.

“मनगटाला गुंडाळा. पाय उचलू नका, घासत या.”

त्यांचा सगळा भार माझ्यावर आला. माझे कापड मधोमध हातभर फाटले, पण मी तुटलो नाही. उत्तमराव वाळूवर आले आणि मटकन बसले. शीलाताईंनी पदराने त्यांचे तोंड पुसले.

“तंबू फाटला गं,” ते म्हणाले.

“शिवीन मी.”

“आणि मी ऐकलं नाही.”

“ते मला ठाऊक आहे. उठा आता, पाणी अजून चढतंय.”

घरी आल्यावर त्या दोघांनी मला गोड्या पाण्याने धुतले, गच्चीवर सावलीत वाळवले. शीलाताईंनी पांढऱ्या दोऱ्याने माझी पाठ शिवली. आता दर हिवाळ्यात मी त्यांच्याबरोबर निघतो.

मित्रांनो, वापरल्याने आम्ही झिजतो, हे खरे. पण ओले असताना घडी घालून ठेवलेत, तर आम्ही आतून कुजतो. जे तुम्हाला सावली देते, त्याला थोडे जपा. उत्तमराव आता पहिली खुंटी ठोकण्याआधी शीलाताईंकडे बघतात आणि त्या बोट दाखवतील, तिथेच मला उभे करतात.