गोधडी काढा

जबलपूरच्या विज्ञान संग्रहालयाने मला वस्त्यांमध्ये पाठवायला सुरुवात केली, तेव्हा मी फार तळमळीने बोलायचे. आता तोंड आपोआप चालतं. त्या मे महिन्यात महाराजपुरातल्या बुद्धविहारात बायका जमल्या होत्या. मी वाढत्या उन्हाळ्याबद्दल सांगत होते आणि मनात घरी जाऊन झोपण्याशिवाय काही नव्हतं.

टेबलावर दोन थर्मामीटर होते. एकाच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळलेलं. त्याचा पारा खाली, दुसऱ्याचा वर.

"घाम वाळतो तेव्हा अंगही असंच थंड होतं," मी म्हटलं. "पण ऊन लागलं की कधीकधी घामच थांबतो. अंग तापतं, माणूस बरळतो. आपल्याला वाटतं ताप आलाय."

पुढे बसलेल्या पार्वताबाई उठल्या. मागच्या उन्हाळ्यात त्यांचे यजमान दयाराम गेले, हे मला आल्या आल्याच कोणीतरी सांगितलं होतं. मी मान हलवून सामान मांडायला घेतलं होतं.

"दीदी, ते बी असेच बरळून राहिले होते. मी म्हटलं ताप हाय, घाम आला का उतरंल. दोन गोधड्या टाकल्या, दारं लावली." त्यांची नजर ओल्या फडक्यावर होती. "पाणी टाकलं असतं तर वाचले असते का जी?"

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. हे लवकर आटपावं, एवढंच वाटलं.

"नाही हो. वय झालं होतं त्यांचं. गोधडीनं काही फरक पडला नाही."

पार्वताबाई खाली बसल्या, पदराने तोंड पुसलं. चला, निभावलं, असं मी मनात म्हटलं.

तेवढ्यात मागून कुसुमबाई म्हणाल्या, "अच्छा, मंग बरं झालं. आमचे बुढे सकाळपासून तापून राहिले, बडबडून राहिले. मी बी गोधडी टाकूनच आली."

पार्वताबाईंना ऐकू न जाता खरं सांगता येईल का, असा भ्याड विचारही येऊन गेला.

"गोधडी काढा!" मी ओरडले. "दारं उघडा, अंगावर पाणी ओता. कोणीतरी एकशे आठला फोन करा. मी मघाशी खोटं बोलले."

पार्वताबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं होतं. मग त्यांनीच दारातली पाण्याची बादली उचलली.

"चाल कुसुम."

घरात कुसुमबाईंचे सासरे डोमाजी भिंतीकडे तोंड करून बरळत होते. कोणालाच ओळखत नव्हते. पार्वताबाईंनी गोधडी ओढून फेकली आणि पाणी ओतलं. कुसुमबाई पुठ्ठ्याने वारा घालत होत्या. तळाशी उरलेल्या पाण्यात पार्वताबाईंनी स्वतःचा पांढरा पदर बुडवला आणि न पिळता म्हाताऱ्याच्या मानेला लावला.

"असंच करायचं होतं ना, दीदी?" त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं.

"हो," मी म्हटलं.

गल्लीत गाडीचा भोंगा ऐकू आला. डोमाजींनी डोळे उघडले आणि बराच वेळ वर पाहत राहिले.

"दयारामची बायको काहून रडून राहिली?" त्यांनी विचारलं.

पार्वताबाईंनी पदर पुन्हा बादलीत बुडवला.