शुक्रीचं वाचन

मी फोनवर पुस्तकं वाचायचं ॲप केलं तेव्हा बाबा म्हणाले, "निधी, चिकू विकणारं केलं असतंस तर चार माणसांनी उघडलं तरी असतं." मला झोंबलं, कारण माझं खरंच फारसं कुणी उघडत नव्हतं. मुंबईतली नोकरी सुटल्यापासून डहाणूच्या आमच्या वाडीत मी आणि माझा लॅपटॉप. दिवसचे दिवस कुणाशी बोलणं व्हायचं नाही. बाबांशी होणारी भांडणं मी बोलण्यात धरत नाही.

वाचकांमध्ये एकच नाव रोज दिसायचं. शुक्री, तलासरीजवळचा एक पाडा. बाई काय वाचत नव्हती! शेळ्यांचे आजार, पोलीस भरती, कविता, भुतांच्या गोष्टी. माझंही वाचन असंच, आगापिछा नसलेलं. म्हटलं, चला, आपल्यासारखं एक येडं सापडलं. मग तिला आवडतील अशी पुस्तकं मी मुद्दाम ॲपमध्ये घालू लागले. तिने ती उघडली की माझा दिवस बरा जायचा. शेवटी राहवेना. ॲपमध्ये काही अडचण येते का, हे विचारायचं निमित्त काढून मी बसने तलासरी गाठली आणि पुढे रिक्षा केली. अडचणीचं कुणाला पडलं होतं? मला मैत्रीण हवी होती.

शुक्री अंगणात तांदूळ पाखडत होती. चांगली म्हातारी. ॲपचं नाव काढताच हसली.

"मला कुठं वाचता येतं! रेंज फक्त माझ्या अंगणात येते, म्हणून सगळी इथंच येतात. फोन माझा, तर नावपण माझंच टाकलं."

संध्याकाळी खरंच सगळे जमले. शेळ्या पाळणारा रघ्या, भरतीची तयारी करणारी सोमी, बायका, पोरं. सोमी भुताची गोष्ट मोठ्याने वाचू लागली आणि रघ्या मधेच भुताचा आवाज काढायचा. पोरं हसून लोळत होती. माझ्या ॲपचं याहून चांगलं काय होणार होतं? तरी मला रडू येत होतं. मी जिच्यासाठी आले होते ती बाई नव्हतीच कुठे.

शुक्रीने कोरा चहा हातात दिला. "तू कुणासंगं वाचतेस?"

"एकटीच."

"मग हसायला आलं की कुणाकडं बघतेस?"

बस चुकेल, असं सांगून मी उठले. बसला अजून पुष्कळ वेळ होता.