कप्तानाच्या मुलाचं नाव

दादा बोटीच्या मागच्या कठड्याशी उभा राहून आपल्या मुलाला हाका मारत होता, आणि मुलगा तर घरी, वहिनीच्या मांडीवर झोपलेला. मी डबा द्यायला त्या फेरीला बोटीवर चढले तर हे असं चाललेलं. सुकाणू इंजिनकाकांच्या हातात दिलेलं, इंजिन धडधडतंय, मागे पाण्याचा पांढरा पट्टा लांबत चाललाय, आणि हा तोंडाशी हात धरून तेच एक नाव, एकदा लाडाने, एकदा रागावून, एकदा पार दुसऱ्या काठाला ऐकू जाईल असं.

"काय करतोयस?" मी विचारलं.

"बघतोय. मोठा झाल्यावर हाक मारायला कसं वाटेल."

"मग? कसं वाटतंय?"

त्याने डबा घेतला, झाकण उघडून परत लावलं. "मुलीला हाक मारल्यासारखं वाटतंय गं."

आता ते नाव मी तुम्हाला सांगणार नाही. सांगितलं की तुम्ही लगेच मत देणार, आणि मतं आमच्याकडे पोतंभर झालीयत. एवढंच सांगते की नाव लहानसं आहे आणि मऊ आहे, घेताना ओठ जेमतेम हलतात, गरम दुधावर फुंकर घातल्यासारखे.

माझा दादा म्हणजे कोणी मोठा माणूस नाही हं. मिसरूड फुटायच्या आधीपासून तो नदीवर आहे. या काठावरून त्या काठावर, त्या काठावरून या काठावर. माणसं, सायकली, दुधाचे कॅन. एकदा कोणाचं तरी अख्खं कपाट नेलं, आरशासकट, आडवं ठेवून, आणि नदी पार होईपर्यंत त्या आरशात नुसते ढग. सगळे त्याला कप्तान म्हणतात. सुरुवात चिडवण्यापासून झाली, मग तेच चिकटलं. मी धक्क्यावरच्या खिडकीत तिकिटं फाडते, म्हणून मला सगळं दिसतं आणि नको तेवढं ऐकूही येतं.

तर दादाने ते नाव एकेकाला ऐकवायला सुरुवात केली. सहज काढल्यासारखं काढायचं आणि समोरच्याचं तोंड बघत बसायचं. न्हाव्याने कात्री न थांबवता विचारलं, छान आहे, थोरली की धाकटी? रोज पलीकडे जाणाऱ्या शाळेतल्या बाई म्हणाल्या, किती गोड, मुलीला शोभेल अगदी. त्या दिवशी दादाने बोट धक्क्याच्या टायरांवर अशी आणून आदळली की माझी पेन्सिल टेबलावरून खाली. आणि इंजिनकाका, ज्यांना आयुष्यात कधी हळू बोलता आलं नाही, ते म्हणाले, "मुलाचं नाव कसं, लोखंडावर पाना पडल्यासारखं पाहिजे. हे म्हणजे तेल सांडलं."

दादा हसला सगळ्यांबरोबर. पण संध्याकाळी दोरखंड गुंडाळताना माझ्याशी बोलला, माझ्याकडे न बघता. "शाळेत पहिल्या दिवशी बाई सगळ्यांची नावं घेतील. याचं घेतलं की मागून कोणीतरी हसेल. मी तेव्हा कुठे असणार? नदीच्या मधोमध."

मी दोरखंडाचं दुसरं टोक उचलून त्याच्या हातात दिलं.

मग त्याने घरी दुसरी नावं आणायला सुरुवात केली. रोज एक. सगळी दणदणीत, दार आपटल्यासारखी. वहिनी ऐकून घ्यायची आणि बाळाचा लंगोट बदलायची. रविवारी माणसं जेवायला येणार होती, त्यांना नाव सांगायचं होतं, आणि दिवस तर भराभर चाललेले. शेवटी एकदा ती म्हणाली, "तुला हवं ते ठेव. मी त्याला बाळच म्हणेन."

"कायमचं?"

"कायमचं."

भांडण नाही, रडणं नाही. तिने खिडकी लावून घेतली आणि उशी नीट केली. पण मला मागचं माहीत होतं.

मागच्या खेपेला नाव दादाने ठरवलं होतं. असं मर्दानी की विचारू नका. आनंदाच्या भरात त्याने ते सगळ्या धक्क्याला सांगून टाकलं आणि लोक त्याला आधीपासूनच त्या नावाचा बाप म्हणायला लागले. मग ते बाळ आलंच नाही. आणि धक्क्यावर रोज कोणीतरी, ज्याला कळलं नव्हतं असा कोणीतरी, हसत हसत विचारायचा. दादा सांगायचा. परत सांगायचा. ते नाव आता आमच्या घरात कोणी घेत नाही.

म्हणून या वेळी वहिनीने नाव स्वतःच शोधलं आणि कोणालाच सांगितलं नाही. फक्त पोटाशी बोलायची, कुजबुजत. मी एकदा पाणी घेऊन आत गेले तेव्हा ऐकलं, तर तिने ओठांवर बोट ठेवलं. मोठ्याने घेतलं तर निघून जाईल, अशी काहीतरी भीती होती तिला. बाळ झाल्यावर तिने ते दादाला सांगितलं, तरी स्वतः मात्र कुजबुजूनच घ्यायची. आणि तुम्ही मानू नका हवं तर, पण रडता रडता ते पोर त्या नावाला थांबायचं.

शनिवारी सकाळी धुकं पडलं. असं की खिडकीतून मला माझाच धक्का दिसेना. सगळं दूध झालेलं, नदी आहे की नाही तेच कळेना. वहिनी बाळाला घेऊन आली होती, पलीकडच्या दवाखान्यात टोचून आणायचं होतं. दादाची बोट त्या काठाहून निघालेली.

धुक्यात आमच्याकडे भोंगा वाजवत नाहीत. भोंगा चारी बाजूंनी आल्यासारखा वाटतो. धक्क्याच्या टोकाला एकाच माणसाने उभं राहायचं आणि हाक मारत राहायची, आणि बोटीने त्या आवाजाच्या रोखाने यायचं. ते काम माझं. मी टोकाला गेले आणि "कप्तान" म्हणून हाका मारायला लागले.

इंजिनाचा आवाज जवळ आला. मग उजवीकडे गेला. उजवीकडे जुन्या पुलाचे तुटके खांब आहेत, पाण्याच्या जरासे वर. आता वाट बघणारी माणसं सगळी रोजची, दादाला ओळखणारी. त्यांचा जीव राहीना. एकाने हाक मारली, दुसऱ्याने मारली, आणि बघता बघता सगळा काठ "कप्तान, कप्तान" करायला लागला, इकडून, तिकडून, पायऱ्यांवरून. मायेपोटीच सगळं, पण त्याला आता प्रत्येक दिशेला धक्का ऐकू येत असणार. मी ओरडून ओरडून सगळ्यांना गप्प केलं आणि त्यातच माझा घसा गेला. तोंड उघडते तर नुसती हवा. आणि इंजिन खांबांच्या बाजूला.

वहिनी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. तिने बाळाचा कान हाताने झाकला आणि हाक मारली.

दादाची नाही. बाळाची.

तिचा आवाज इतका मोठा आहे हे मला माहीतच नव्हतं. बहुतेक तिलाही नसावं. एकदा, परत एकदा, नाव जात राहिलं धुक्यात, आणि काठावर कोणी हललं नाही. ते नाव बाकीच्या नावांपेक्षा लांब गेलं असं मी म्हणत नाही. एकच आवाज होता म्हणून पोचलं असेल. पण इंजिन एकदम मंद झालं, आणि आतून, त्या सगळ्या पांढऱ्यातून, दादाने त्याच नावाने परत हाक दिली. मोकळ्या गळ्याने, पूर्ण. मग हिने. मग त्याने. असं करत करत बोटीचं नाक धुक्यातून बाहेर आलं, सावकाश, झोपेतून उठल्यासारखं.

दोर बांधताना धक्क्यावरच्या एकाने विचारलं, "कोणाला हाका मारताय रे एवढ्या?"

"माझ्या मुलाचं नाव आहे ते," दादा म्हणाला, आणि सगळ्यांसमोर ते आणखी एकदा घेतलं.

मागे कोणीतरी फिसकन हसलं. मी ऐकलं, म्हणजे त्यानेही ऐकलंच असणार.

तो खाली उतरला, हात शर्टाला पुसले, तरी डिझेलचा वास होताच, आणि बाळ घेतलं. बाळ गाढ झोपलेलं, त्याच्या लोकरीच्या टोपीवर धुक्याचे बारीक थेंब. धक्क्याच्या मधोमध उभा होता दादा. खांबाच्या दोन्ही बाजूंनी पाणी जावं तशी माणसं त्याच्या दोन्ही बाजूंनी उतरून जात होती, आणि तो मान वाकवून एका बोटाने एकेक थेंब टिपत होता.