उघडे राहिलेले खड्डे

मी फावडं बोलतंय. सरळ पात्याचं, बुटाने दाबून जमिनीत रोवायचं. खरं तर बोलायला मला तोंड राहिलेलं नाही. तरी ऐका.

इंग्लंडमधल्या नॉरफोकच्या एका खेड्यात मी आधी बटाटे काढायचं. मालक गेला आणि मी त्याच्या दोन मुलांकडे आलं. थोरल्या नेव्हिलने माझा दांडा कापून आखूड केला, पात्याच्या एका कडेला करवतीसारखे दात पाडले. तेव्हापासून माझं काम बदललं. दर रविवारी गावातल्या गूडरम बाईंच्या कुरणात जायचं. नेव्हिल धातू शोधायचं यंत्र गवतावरून फिरवायचा. ते वाजलं की माझी पाळी.

नेव्हिलची पद्धत ठरलेली होती. गवत तीन बाजूंनी कापायचं, चौथी बाजू तशीच ठेवून पेटीचं झाकण उघडावं तसं उलटायचं. हवं ते काढायचं, माती परत भरायची, झाकण मिटायचं आणि वर तीनदा पाय दाबायचा. एखादं जुनं नाणं मिळालं, तर त्याच्या जागी तो खिशातला आजच्या चलनातला एक पेनी टाकायचा.

"हे कशाला?" धाकटा डॅरन हसायचा.

"शेताच्या खिशात हात घातला ना आपण? मग तो रिकामा नाही ठेवायचा."

"हजार वर्षांनी कुणी खणेल आणि म्हणेल, काय भिकारडे लोक होते!"

डॅरनला दम नव्हता. यंत्र वाजलं की तो माझ्यावर उडीच मारायचा. मला ते आवडायचं, हे लपवत नाही. माझा जीव खणण्यात, बुजवण्यात नाही. आम्ही दोघं पुढे पळायचो आणि नेव्हिल मागून येत आमचे खड्डे मिटवत राहायचा.

"अरे, तू काय कुत्रा आहेस का? माती नुसती मागे उडवतोस!"

"बुजवायला तू आहेस ना."

"आणि मी नसलो तर?"

"तर गूडरम बाई मला त्याच खड्ड्यात पुरतील."

फेब्रुवारीत, कामावर असताना साखर कारखान्याच्या फाटकाशी नेव्हिल खाली बसला तो उठलाच नाही. चाळिशीही गाठली नव्हती त्याने.

अंत्यविधीनंतर गावाच्या हॉलमध्ये चहा आणि हॅम सँडविच होतं. डॅरनने कशाला हात लावला नाही. घरी आल्यावर तो मलाच सांगत बसला, कारण घरात दुसरं कोणी नव्हतं. "बाई म्हणाल्या, राख आमच्या कुरणात ठेव. म्हणाल्या, त्या जमिनीशी त्याच्याइतकं नीट कुणी वागलं नाही." एवढं बोलून तो रडला. त्या दिवसात त्याला बरं वाटलेली ती एकच गोष्ट.

पुढच्या रविवारी तो मला आणि यंत्राला घेऊन कुरणात गेला. यंत्र वाजलं, मी घुसलं. वर आला एक काळपट पेनी. आजचा. डॅरनने तो विजारीला पुसला आणि उजेडात धरला.

"हा त्याने ठेवलाय," तो म्हणाला. "त्याच्या हाताने."

मग तो थांबलाच नाही. यंत्र वाजेल तिथे मला रोवायचा, पेनी काढायचा, मुठीत घट्ट धरायचा आणि पुढे पळायचा. जणू भाऊच तुकड्यातुकड्याने जमिनीतून परत मिळत होता. मागे वळून त्याने एकदाही पाहिलं नाही. मागे कोणीतरी असतं, याची त्याला सवय होती. मलाही होती.

दुसऱ्या दिवशी गूडरम बाई आमच्या दारात उभ्या राहिल्या. गुडघ्यापर्यंत चिखल.

"टॅन्सी गेली," त्या म्हणाल्या. टॅन्सी म्हणजे त्यांची म्हातारी घोडी. "पुढचा पाय खड्ड्यात मोडला. डॉक्टरांना शेवटची सुई द्यावी लागली. खड्डे तुझे?"

डॅरनच्या तोंडून भलतंच निघालं. "कोल्ह्यांनी उकरलं असेल."

"कोल्ह्याच्या पंजाला सरळ धार नसते, डॅरन."

आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दाराशीच टेकून होतं, पात्यावर त्यांच्या कुरणाची माती तशीच. त्या क्षणी मी गंजून भुगा व्हायला हवं होतं.

त्यांनी मला उचललं. "हे मी नेते. आणि राखेचं विसर."

त्यांच्या तबेल्यात, टॅन्सीच्या तोंडाला बांधायच्या रिकाम्या म्होरकीशेजारी त्यांनी मला खिळ्याला अडकवलं. तिच्या चामड्यावर टॅन्सीचे केस अजून चिकटलेले. फळ्यांच्या फटीतून मला कुरण दिसायचं. रोज कामावरून सुटला की डॅरन यायचा. हातात अवजार नाही. गुडघ्यावर बसून खड्ड्यात एक पेनी टाकायचा, नखांनी माती ओढून भरायचा, गवत मिटायचा. बाई खिडकीतून बघायच्या. ये म्हणाल्या नाहीत, जा म्हणाल्या नाहीत.

शेवटी एकच खड्डा उरला. टॅन्सीचा पाय मोडला तो. त्याच्याजवळ डॅरन नुसता उभा राहिला. तेव्हा बाई तबेल्यात आल्या, मला खिळ्यावरून काढलं आणि त्याच्याकडे गेल्या.

"हा का ठेवलास?"

"याला हात लावायचं धाडस होत नाही, बाई."

बाईंनी खड्ड्यात वाकून पाहिलं. मग म्हणाल्या, "राख कुठाय?"

"गाडीत. रोज आणतो. मागायला तोंड नाही, म्हणून परत नेतो."

"घेऊन ये." त्यांनी मला त्याच्या हातात दिलं. "तुझे खड्डे तोच बुजवायचा ना? हाही त्यालाच बुजवू दे."

डॅरनने नेव्हिलला त्या खड्ड्यात ठेवलं. माझ्या पात्याने हळूहळू माती लोटली. बुजवताना माझ्या अंगाला किती कमी जोर लागतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. झाकण मिटलं. त्याने तीनदा पाय दाबला. तिसऱ्यांदा दाबला तो उचलेचना.

"आता यंत्र घेऊन या कुरणात यायचं नाही," बाई म्हणाल्या. "भावाला भेटायला ये."

त्यांनी मला परत नेलं. अजून मी त्याच खिळ्यावर आहे, म्होरकीशेजारी. वारा आला की ती हलते आणि माझ्या पात्याला लागते. तेवढ्यानेही मला कापरं भरतं.

तुमच्या घरी माझ्यासारखं कोणी असेल, तर त्याला हातात घेण्याआधी एकदा मागे वळून बघा. कोणी येतंय का तुमच्या मागून?