दुःखाच्या घरी डबा

माझ्या पोराने, प्रज्ञेशने, पुण्याहून फर्मान सोडलं, "बाबा, फ्लॅट पसंत करायच्या आधी सोसायटीचं बजेट बघा. भिंती काय, कुणीही रंगवतो." पोरगा हुशार आहे, वादच नाही. फक्त त्याची हुशारी फोनवरूनच येते, आणि फोन 'मीटिंगमध्ये आहे, नंतर बोलतो' इथेच संपतो.

मी पुंजाजी. हिंगोलीच्या बसस्टँडवर कंट्रोलर होतो. "कळमनुरी, वारंगा फाटा मार्गे नांदेडला जाणारी गाडी फलाटावर लागली आहे" हे माइकवर ओरडण्यात सगळी नोकरी गेली. जन्मभर माणसांच्या गलक्याला शिव्या घातल्या. रिटायर झाल्यावर पुसेगावला, गावाबाहेर शेताच्या कडेला घर बांधलं. शांतता पाहिजे होती ना, घ्या शांतता! गेल्या साली बायको, रुक्माबाई, गेली आणि तेच घर खायला उठलं. डॉक्टर जवळ असावा म्हणून हिंगोलीत फ्लॅट घ्या, असं प्रज्ञेशचं म्हणणं. माझं कारण वेगळं होतं. भिंतीपलीकडे कुणीतरी खोकलं पाहिजे, एवढंच. ते मी त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने खोकल्याचं औषध पाठवलं असतं.

रविवारी इमारतीपाशी पोचलो. फाटकावर उत्तमसिंग नावाचा वॉचमन होता. तो उठून उभा राहिला, रजिस्टरमध्ये नाव लिहायला लावलं, आणि मीच आजचा पहिला पाहुणा असल्यासारखा खूश झाला. पान उघडलं तर खरंच पहिला होतो.

सोसायटीचा सेक्रेटरी बालाजी मला लिफ्टने वर घेऊन गेला. त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे. तिसऱ्या मजल्यावर नर्मदाबाईंचा फ्लॅट विकायचा होता. त्यांचे यजमान माणिकराव दोन वर्षांपूर्वी वारले होते. नर्मदाबाईंनी चहा टाकला, बालाजीने टीपॉयवर बजेटचा कागद पसरला, आणि मी प्रज्ञेशला फोन लावून स्पीकर चालू केला.

"मेंटेनन्सची थकबाकी किती?" प्रज्ञेशने पहिलाच बाण सोडला.

"एक रुपया न्हाई," बालाजी छाती फुगवून म्हणाला. "समदे बराबर भरतेत. पुणं, हैदराबाद, एक तर दुबईहून भरून राहिला."

"पाणी?"

"टँकर लागतच न्हाई साहेब. बोअर पुरून उरतं."

"लिफ्टचं वीजबिल? अरे वा! बाबा, ऐकलंत? इतकं कमी बिल पुण्यात कुठंच नाही. फार चांगली सोसायटी आहे ही."

मी कागदाकडे बघत होतो. डेपोत एखाद्या गाडीला डिझेल कमी लागलं तर आम्ही पेढे वाटत नव्हतो. ती गाडी उभी होती, एवढाच त्याचा अर्थ.

"बालाजी," मी विचारलं, "इथं राहतं कोण?"

"राहतेत की. दिवाळीला येतेत, लग्नसराईत येतेत."

"आज कोण आहे?"

तो चुळबुळला. "ह्या मावशी हायेत. खाली बँकेतलं एक जोडपं हाय, पण ते रविवारी गावाकडं जाते. माझं घर तर दुकानावरच. कुणी व्हायना म्हणून मी सेक्रेटरी झालो."

चोवीस फ्लॅट, आणि आम्ही तिघं बोलत होतो तर जिन्यात आवाज घुमत होता. माझं मन खट्टू झालं. गावाबाहेरच्या एका रिकाम्या घरातून उठून मी रिकाम्या घरांच्या चळतीत राहायला चाललो होतो. आणि नर्मदाबाई नांदेडला लेकीकडे, पूनमकडे, निघाल्या होत्या. म्हणजे मी यायचं आणि होतं ते माणूसही जायचं.

"सणांचं काय?" प्रज्ञेश विचारत होता. "जयंतीला काही तरतूद?"

"हाय ना! गणपती हाय, जयंती हाय. झेंडा, हार, लायटिंग, समदं उत्तमसिंग करतो."

"आणि नाचतो कोण?" मी विचारलं. बालाजी हसला, पण मी हसायला विचारलं नव्हतं.

मग कागदावरच्या शेवटच्या ओळीवर माझं बोट थांबलं. 'दुःखाच्या घरी डबा.' तिच्यापुढे छोटीशी रक्कम.

"हे काय?"

बालाजीचा चेहरा खुलला. "ते मीच ठरावात घेतलं काका. मयताच्या घरी चूल पेटवत न्हाईत. शेजाऱ्यानं भाकरी आणावी, ही आपली रीत. माणिकरावांच्या वक्ती समद्या दारांना कुलुपं. मग म्या मेसमधून डबा सांगितला. तवापासून बजेटमधी कायमच टाकलं."

मला रुक्माबाईचा दिवस आठवला. वस्तीतून, पाटलाच्या गल्लीतून, कुठून कुठून पिठलं-भाकरी आली होती. नको नको म्हणत असताना पातेली ओट्यावर मावेनात. मी चिडलोही होतो. नंतर ती पातेली ज्याची त्याला परत करत गावभर फिरलो, आणि ज्याच्या घरी गेलो त्याने बसवून चहा पाजला. तेवढेच काय ते बरे दिवस गेले.

"चांगलं केलं," मी बालाजीला म्हणालो, आणि ते मनापासून होतं.

नर्मदाबाई कपबशा उचलता उचलता थांबल्या. "डबा चांगला होता भाऊ. मेसचं पोरगं दाराशी ठिवून, बेल वाजवून निघून गेलं. पूनम यायला सांज झाली. मी एकटीच डब्याम्होरं बसले. पोटात भूक होती, खोटं काहून बोलू. पर 'खा माय, दोन घास खा' म्हणायला कुणी न्हवतं. तसाच झाकून ठिवला."

फोनमधून कीबोर्डचा टकटक आवाज येत होता.

आणि तेव्हा मला तो हिशेब सुचला. सुचला म्हणजे, त्याने मला धरलं.

"बालाजी, मी इथं एकटाच राहणार. उद्या माझंच काही झालं, तर हा डबा कुणाला देणार?"

बालाजीने कागद वर-खाली केला. "कुणाला म्हंजे... घरच्याला."

"घरचं पुण्यात आहे."

कीबोर्ड थांबला. मी वाट बघितली. 'बाबा, मी आहे ना,' एवढं म्हणाला असता, तर फ्लॅटही नको होता मला.

"बाबा," शेवटी प्रज्ञेश म्हणाला, "असं काहीतरी बोलू नका हो. सिंकिंग फंडाचं विचारा. मला आज रविवारीही मीटिंग आहे, नंतर बोलतो."

मी सिंकिंग फंडाचं विचारलं. तो भरपूर होता. इमारत पडली तर बांधायची सोय होती.

घेणार की नाही, असं बालाजीने दबकत विचारलं. मी म्हणालो, इसाराचा कागद कर. पुसेगावला परत जाऊन तरी कुणाला हाक मारणार होतो? इथं निदान फाटकावर नाव लिहून घेणारा एक माणूस होता.

"फक्त एक लिहून ठेव," मी म्हणालो. "माझ्या वेळेला डबा उत्तमसिंगला द्यायचा. कळणार पहिल्यांदा त्यालाच आहे."

बालाजीने पेन काढलं, परत खिशात घातलं, परत काढलं. मग समासात बारीक अक्षरात लिहिलं. नर्मदाबाई स्वयंपाकघरात निघून गेल्या.

खाली आलो तेव्हा उत्तमसिंग केबिनमध्ये एकटाच कांदा फोडत बसला होता. मला बघून त्याने हात पुसले.

"कब आ रहे रहने को, काका?"

सबंध दिवसात हे कुणीच विचारलं नव्हतं. मी केबिनच्या पायरीवर बसलो, पुसेगावहून आणलेलं ठेचा-भाकरीचं फडकं सोडलं आणि भाकरी मोडून अर्धी त्याच्या ताटलीत ठेवली. तो नको नको म्हणायला लागला.

"खा रे," मी म्हणालो, "दोन घास खा."

त्याने ठेचा ओढून घेतला. तेवढ्यात फोन वाजला. प्रज्ञेश होता, मीटिंग लवकर संपली होती. मी त्याला म्हटलं, "जेवून राहिलो बाबा, सोबत माणूस हाय. नंतर बोलतो."