कळंबच्या जीपचा चौथा अल्टरनेटर

मित्रांनो, मी एक जुनी जीप आहे. जुनी म्हणजे तुमच्यापैकी कुणीही माझ्याहून वडील नसेल. चारही चाकांना जोर लावून चिखलातून बाहेर पडणारी, अशी माझी जात. कारखान्यातून निघाले तेव्हा रंग हिरवा होता, आता तो किती थरांखाली गेलाय ते मलाही आठवत नाही. दोन मालक झाले, तिसरे कळंबचे किशोरशेठ. शेती सांभाळून ते पाहुण्यांना डोंगर-ओढे फिरवून आणतात, आणि ते फिरवणं सगळं माझ्या पाठीवर.

मला चालवायचा धोंडी. कशेळ्याच्या वरच्या अंगाला ठाकरवाडी आहे, तिथला. वाडीत गाडीचं लायसन काढलेला तो पहिलाच माणूस, त्यामुळे चावी फिरवताना उगीचच ताठ बसायचा. पण हात असा की कितीही चढ असो, गियर बदलताना मला कधी कण्हावं लागलं नाही. पाहुणे त्याची तारीफ करायचे आणि शेठ मध्येच म्हणायचे, "आमची गाडीच तशी हाय."

माझं दुखणं एकच. इंजिनाच्या बाजूला, खालच्या अंगाला माझा अल्टरनेटर बसवलेला आहे. जुने ड्रायव्हर त्याला डायनॅमोच म्हणतात. इंजिनाबरोबर तो फिरतो आणि बॅटरी भरतो. तो गेला की समोर लाल दिवा लागतो, बॅटरी रिकामी होत जाते, आणि मग एकदा थांबले की चार माणसांनी ढकलल्याशिवाय मी जागची हलत नाही.

शेठचा माझ्यावर फार जीव. त्यांचे वडील भिवाजी दर सोमवारी बैल नदीवर नेऊन धूत. बैल गेले, सवय राहिली. पाहुणे रविवारी परतले की सोमवारी शेठ मला बंपर बुडेपर्यंत नदीत घालत, बॉनेट उघडत आणि इंजिनावर बादल्यांमागून बादल्या ओतत. ते गढूळ पाणी सरळ अल्टरनेटरच्या पोटात जाई. मला तेव्हा बरं वाटायचं, हेही कबूल करते. आपल्याला कुणी मायेनं चोळून धुतंय, याचा राग कुणाला येतो?

एका वर्षात अल्टरनेटर तीनदा गेला. प्रत्येक वेळी धोंडी मला कशेळ्याला विकास वायरमनकडे घेऊन जाई. दर वेळी विकासने दुसराच बसवला. तिसऱ्या वेळी जुना उघडून त्याने आत साचलेला गाळ दाखवला, तेव्हा धोंडीच्या डोक्यात प्रकाश पडला. शेठना दाखवायला म्हणून त्याने तो जुना अल्टरनेटर मागून घेतला आणि जाता जाता घरी ठेवला.

दुसऱ्या दिवशी तो भीत भीत म्हणाला, "शेठ, इंजिनावर पाणी नका वतू. डायनॅमोत गाळ जातोय. जुना मी ठेवलाय, दाखवतो."

"ठेवलाय? कुठं?"

"घरी."

शेठनी त्याच पावली मला वाडीवर आणलं. धोंडीच्या दारात अख्खी वाडी जमली होती, त्याची मुलगी तेजश्री शाळेच्या गणवेशात उभी होती. शेठनी अल्टरनेटर उचलून सगळ्यांना दाखवला. "चांगला काढून घरी ठेवतोस नि मला भंगार बसवतोस? वर मलाच गाडी धुवायला शिकवतोस, धोंड्या?"

"उघडून तरी बगा, शेठ," धोंडी म्हणाला.

शेठनी तो उघडला नाही. खालच्या ओढ्यात भिरकावला, धोंडीच्या हातातली चावी काढून घेतली आणि मला घेऊन निघाले. तोंड असतं तर मी तिथंच बोलले असते. माझ्याकडे फक्त हॉर्न आहे, आणि तोही दुसऱ्यानं दाबावा लागतो.

मग सुनील नावाचा नवा ड्रायव्हर आला. सोमवारची अंघोळ चालूच होती. तीन महिन्यांत पाहुण्यांना घेऊन जाताना लाल दिवा पुन्हा लागला. हा चौथा. या खेपेला शेठ स्वतः विकासकडे आले. विकासने त्यांच्यासमोर अल्टरनेटर उघडला आणि वर्तमानपत्रावर आपटला. चिमूट चिमूट गाळ पडला.

"हा नदीचा गाळ हाय, शेठ. मी धोंडीला दाखवला व्हता. त्यानं सांगितलं नाय तुमाला?"

शेठनी तो गाळ वर्तमानपत्रात गुंडाळला. मग म्हणाले, "नाय."

त्यानंतर मला कधी नदीचं पाणी लागलं नाही. शेठ कोरड्या फडक्यानं पुसतात, कुणाला काही सांगत नाहीत. दोन वर्षं झाली, अल्टरनेटर ठणठणीत आहे. आणि कशेळ्याच्या स्टँडवर माणसं म्हणतात, धोंडी गेला नि गाडी सुधारली. मित्रांनो, मी बरी झाले हाच त्याच्या चोरीचा पुरावा ठरला. त्या रस्त्यावर आता कुणी त्याच्या हाती गाडी देत नाही. तो माथेरानला हातरिक्षा ओढतो. तिथं गाड्यांना बंदी आहे.

मागच्या सुट्टीत मी पाहुण्यांना घेऊन माथेरानच्या दस्तुरी नाक्यापर्यंत गेले. त्यापुढे आम्हाला जाता येत नाही. बॅगा घ्यायला रिक्षावाले धावले, त्यांत धोंडी होता. त्याने माझ्या बॉनेटवर हात ठेवला.

"डायनॅमो चालतोय ना, शेठ?"

"तू गेल्यापासून एकदाबी गेला नाय," शेठ म्हणाले. मग पाहुण्यांकडे वळून म्हणाले, "बॅगांवर लक्ष ठेवा हां."

धोंडीने हात काढून घेतला आणि सगळ्यात जड बॅग डोक्यावर घेतली.

मित्रांनो, गाडीवर जरूर जीव लावा, पण ती चालवणाऱ्याचं एकदा ऐकून घ्या. आणि चूक आपली निघाली, तर ज्या दारात बोललात त्याच दारात जाऊन ती कबूल करा. मला एवढंच मागायचं आहे. त्या दिवशी परत निघताना मी मनापासून ठरवलं होतं की सगळ्यांसमोर बंद पडायचं, लाल दिवा लावायचा, हलायचंच नाही. शेठनी चावी फिरवली आणि मी पहिल्या झटक्यात सुरू झाले.